विद्यार्थ्यांचे छत्र : श्री शाहू छत्रपती

कोल्हापूर शहरातील दसरा चौकातून आमच्या शाळेचे कितीतरी विद्यार्थी नित्य जातयेत असतात. चौकात श्री शाहू छत्रपतींचा पुतळा आहे, आणि त्याच्या आसपास निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांची जुनी वसतिगृहे आहेत. रोजच्या पाहण्यातील वस्तूंकडे मनुष्याचे लक्ष जात नाही. त्यामुळे या पुतळ्याचा आणि या वसतिगृहांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तो संबंध आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस समजावा, एवढ्याच हेतूने या थोर पुरुषाचे अल्प चरित्र आम्ही येथे देत आहो. महाराजांचे कार्य अनेकविध होते. शेती, व्यापार, मल्लविद्या, संगीत, नाट्य या सर्वांस त्यांनी आश्रय दिला. परंतु त्या सर्वांचा विस्तार येथे न करता, गरीब व मागासलेल्या मुलांस विद्येच्या आणि उद्योगाच्या मार्गास लावण्यासाठी त्यांनी काय केले, तेवढेच आम्ही सांगणार आहो.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे अधिपती होते. मातोश्री राधाबाई या यशवंतराव अगदी लहान असतानाच निवर्तल्या. १८८३ च्या डिसेंबरात कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा अहमदनगर येथे करुण अंत झाला. त्यांस पुत्र नसल्यामुळे १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईसाहेबांनी यशवंतरावांस दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू असे ठेवण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे नऊ वर्षांचे होते. पुढे दोनच वर्षांनी वडिलांचेही छत्र हरपले. मातापित्यांवाचून वाढणे म्हणजे काय, हे या राजास पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्यांचे आरंभीचे शिक्षण राजकोट येथील राजकुमार कॉलेजात व नंतर धारवाड येथे फ्रेझर नामक इंग्रज गुरूंच्या देखरेखीखाली झाले. गुरूंनी त्यांस पुस्तकी विद्येबरोबर दूरदूरचा प्रवास घडविला व राज्यकारभाराची ओळख करून दिली. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

राज्याची लोकसंख्या त्या काळी सुमारे ९ लाख होती, व तीत शेतकरी, कारागीर आणि अस्पृश्य गणलेले लोक बहुसंख्य होते. परंतु दरबारच्या कचेऱ्यांत पाहावे तो या बहुसंख्य लोकांचा मागमूसही दिसत नसे. राज्यारोहणाच्या समयी वरिष्ठ दर्जाच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, व कारकुनांच्या सुमारे ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे जेमतेम १० होत्या, असे त्या काळचे आकडे चरित्रकारांनी दिले आहेत. पुष्कळांस यात वावगे असे काही वाटत नव्हते. ज्यास लिहितावाचता येते तोच कारकून होणार, असे त्यांचे सरळ म्हणणे असे. महाराजांनी मात्र त्यापुढचा प्रश्न विचारला. इतरांस लिहितावाचता का येत नाही? आणि ज्या थोड्यांस येते, ते तरी कचेरीच्या दारापर्यंत का पोहोचत नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर त्यांस एकाएकी सापडले नाही. ते चुकतमाकत सापडले, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. शाळा तर शहरात होत्याच. राजाराम हायस्कूल व कॉलेज दरबार चालवीत असे. अमेरिकन मिशनचे रॉयल वाइल्डर हे १८५२ साली कोल्हापुरास आले, तेव्हापासून मिशनच्याही शाळा येथे सुरू झाल्या होत्या. परंतु खेड्यातील कुणब्याच्या मुलाने शहरात येऊन राहावे कोठे व जेवावे काय? ज्यांचे आप्तइष्ट शहरात होते त्यांची सोय होई. ज्यांस वार लावून जेवण्याची परंपरा होती त्यांसही दोन घास मिळत. शेतकऱ्याच्या मुलास यांपैकी काहीच नव्हते. मग अस्पृश्याच्या मुलाची गोष्ट तर बोलावयासच नको. त्यास भाड्याने खोलीसुद्धा कोणी देत नसे. शाळेचे दार उघडे असूनही ते त्याच्यापुरते बंदच होते.

हे ओळखून महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांकरिता एक सामायिक वसतिगृह काढले. हेतू उत्तम होता, पण फळ निराळेच आले. शिक्षणात अगोदरच पुढे असलेल्या वर्गाच्या मुलांनीच त्या जागा भरून गेल्या. मागे राहिलेल्यांचा तेथे निभाव लागला नाही. सर्वांस सारखे दार उघडले म्हणजे सर्व सारखेच आत येतात असे नव्हे, हा धडा त्या प्रयोगाने दिला. त्याच सुमारास पांडुरंग चिमणाजी पाटील नावाच्या एका हुशार मराठा विद्यार्थ्याच्या राहण्याजेवण्याचा प्रश्न महाराजांच्या कानी आला. हेच पाटील पुढे शेतीशास्त्राचे नामांकित तज्ज्ञ झाले. भास्करराव जाधव हे १८८८ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आलेले गृहस्थ १८९५ पासून महाराजांच्या सेवेत होते. अशा साहाय्यकांच्या विचाराने महाराजांनी नवा मार्ग धरला, व १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हाउस या वसतिगृहाची स्थापना झाली.

त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था व बोर्डिंग यांची सुरुवात झाली, आणि तिचे अध्यक्षपद खुद्द महाराजांनी स्वीकारले. मग लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, कायस्थ प्रभू, वैश्य, ढोर, चांभार, सुतार, नाभिक अशा एकामागून एक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९१५ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह झाले, याची आठवण आम्ही मिशनच्या शाळेतील मंडळींनी विशेष कृतज्ञतेने ठेविली पाहिजे. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांकरिता निघालेल्या वसतिगृहास मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे, मिस क्लार्क यांचे, नाव देण्यात आले. वीस वर्षांच्या आत कोल्हापुरात विसाच्या आसपास वसतिगृहे झाली. पुढे लोक या शहरास वसतिगृहांची जननी म्हणू लागले ते उगीच नव्हे.

या वसतिगृहांची घडणही लक्षात घेण्यासारखी आहे. दरबारने जागा द्यावी, इमारतीस साहाय्य करावे, वार्षिक उत्पन्न लावून द्यावे; आणि त्या त्या समाजातील जाणत्या मंडळींनी वर्गणी जमवून कारभार पाहावा, असा हा क्रम होता. त्यामुळे संस्था केवळ राजाच्या मर्जीवर अवलंबून राहिल्या नाहीत. राजा गेला तरी त्या टिकल्या. मुलांस शिकविणे हे आपलेच काम आहे, ही जबाबदारी त्या त्या समाजावर पडली.

येथे एक आक्षेप घेण्यात येतो, व तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद मोडण्याऐवजी वाढविला नाही काय? आमच्या मते या आक्षेपात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. जातीच्या नावाने बांधलेल्या भिंती पाडणे पुढे कठीण जाते, असा अनुभव आहे. परंतु सामायिक वसतिगृहाचा प्रयोग महाराजांनी अगोदर केला होता व तो फसला होता, हे विसरून चालणार नाही. जो पंक्तीत बसूच शकत नाही, त्यास आधी बसावयास पाट दिला पाहिजे. सर्वांची पंक्ती एक करण्याचा प्रश्न त्यानंतरचा. तो प्रश्नही महाराजांनी टाळला नाही. अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवावीत, असा हुकूम त्यांनी १९१९ साली काढला.

शिक्षण दिले, पण शिकून पुढे काय? हा प्रश्न त्या काळच्या पालकांसही आजच्याइतकाच छळीत असे. शिकूनही नोकरी परक्यासच मिळणार असेल, तर शेतावरचे दोन हात कमी करून मुलास शहरात कोण धाडील? सातवे एडवर्ड बादशहा यांच्या राज्यारोहणसमारंभासाठी महाराज १९०२ साली विलायतेस गेले होते. केंब्रिज विद्यापीठाने त्या वेळी त्यांस एल्‌एल्‌. डी. ही पदवी देऊन गौरविले. तेथे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, त्यांचा इतिहासप्रसिद्ध जाहीरनामा निघाला. त्या दिवसापासून रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्यात, असे त्यात फर्माविले होते. नुसता हुकूम काढून ते स्वस्थ बसले नाहीत. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने नेमणुकांचा तपशील दर तिमाहीस सादर करावा, असेही बंधन घातले. हुकूम कागदावर राहू नये, म्हणून घेतलेली ही खबरदारी आम्हांस हुकुमाइतकीच महत्त्वाची वाटते. दहा वर्षांत त्याचे फळ दिसू लागले. १९१२ साली वरिष्ठ दर्जाच्या ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ उरल्या होत्या, व बाकीच्या इतरांकडे आल्या होत्या.

या धोरणावर टीकेचा भडिमार झाला. त्याआधी उद्भवलेल्या वेदोक्त प्रकरणामुळे शहरातील वातावरण तापलेलेच होते. योग्यतेस डावलले जाते, असे टीकाकारांचे म्हणणे. परंतु महाराजांनी योग्यतेचा द्वेष केला नाही. योग्यता येण्यास जी संधी लागते ती सर्वांस सारखी नसते, एवढेच त्यांनी ओळखले. त्यांच्या दरबारात रघुनाथराव सबनीसांसारखे दिवाण होते, व उच्चवर्णीय म्हणविल्या जाणाऱ्या समाजांच्या वसतिगृहांसही त्यांनी मदत केली, हे वर सांगितलेल्या नावांवरून दिसेलच.

वरच्या पायऱ्या बांधून झाल्यावर त्यांनी पायाकडे लक्ष वळविले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसेच विधेयक १९११ साली मांडले, पण पुढच्या वर्षी ते नामंजूर झाले. जे मोठ्या सरकारास झेपले नाही ते लहानशा करवीर राज्याने १९१७ साली अंगावर घेतले. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि ४ मार्च १९१८ रोजी चिखली या गावी पहिल्या शाळेने त्याचा आरंभ झाला. जो पालक मुलास शाळेत धाडणार नाही त्यास दरमहा १ रुपया दंड, अशी त्यात तरतूद होती. त्या काळी रुपया ही लहान रक्कम नव्हे! पुढील चार वर्षांत या योजनेखालील शाळांची संख्या ४०० च्या वर गेली, आणि विद्यार्थी २२,००० च्या घरात पोहोचले.

मुलींचाही त्यांस विसर पडला नाही. रखमाबाई केळवकर या विदुषींकडे त्यांनी मुलींच्या शाळांची देखरेख सोपविली, व त्यांच्या कन्या कृष्णाबाई यांस वैद्यकीय शिक्षणास साहाय्य करून कोल्हापूरच्या रुग्णालयात सेवेस घेतले. १२ जून १९१८ रोजी धाकटे राजपुत्र शिवाजी हे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून मृत्यू पावले. हा घाव राजास असह्य झाला. तथापि दुःखात बुडून न जाता त्यांनी आपली बालविधवा सून इंदुमतीदेवी हिच्या शिक्षणाची सोनतळी येथे व्यवस्था केली. इतर जातींच्या मुलीही तिच्यासोबत शिकावयास ठेविल्या. पुत्राच्या नावाने १९२० साली जे स्मारक उभारले, तेही एक वसतिगृहच होते. प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग ते हेच.

ज्यांस शाळेत जाण्याचे वय उरले नव्हते, त्यांच्या हातांस काम देण्याची चिंताही महाराज वाहत. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमण्याची पद्धत आणली, आणि त्या तलाठ्यांच्या जागांवर अस्पृश्य तरुणही घेतले. त्याच वर्षी महार वतनाच्या जाचातून त्या समाजास मोकळे केले. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींना चावडीवर रोज जी हजेरी द्यावी लागे ती बंद केली. फासेपारध्यांसारख्या भटक्यांस घरे व पहाऱ्याची कामे दिली. अस्पृश्यांतील लायक माणसांस वकिलीच्या सनदा दिल्या, तर कोणास माहूत, कोणास कोचमन म्हणून आपल्या खाजगीकडे ठेविले.

यांपैकी एकाची हकिकत कोल्हापुरात अद्याप घरोघर सांगतात. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीस होते. पाण्याच्या हौदास शिवले, एवढ्याच अपराधावरून त्यांस इतर नोकरांनी बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांस कडक शासन केले, आणि गंगारामांस नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास भांडवल दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान थाटले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? दुकान उघडे, आणि गिऱ्हाईक नाही. मग स्वतः छत्रपती आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करवून, भर रस्त्यात, सर्वांच्या देखत गंगारामांच्या हातचा चहा घेऊ लागले, व बरोबरच्या मंडळींसही देऊ लागले. राजाच्या पंक्तीस बसून नाही कोण म्हणणार! धंद्यास भांडवल पुष्कळजण देतील. भांडवलाबरोबर आपली प्रतिष्ठाही पणास लावणारा विरळा. महाराजांच्या निधनानंतर थोड्याच वर्षांत त्यांचे पहिले स्मारक नर्सरी बागेत उभे राहिले, ते याच गंगारामांच्या पुढाकाराने.

लावलेले रोप कसे फोफावते, याची दोन उदाहरणे देऊन आम्ही आवरते घेतो. कुंभोज गावचे भाऊराव पाटील कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, व परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे त्यांनी साफ नाकारले. परिणामी त्यांस बोर्डिंग सोडावे लागले. हेच भाऊराव कर्मवीर म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह १९२४ साली काढून त्यास शाहू महाराजांचेच नाव दिले. गुरूला जे एका वेळी साधले नाही ते शिष्याने साधून दाखविले. तेथील मुले स्वतः कष्ट करून शिकत; कमवा आणि शिका ही योजना पुढे महाराष्ट्रभर गेली ती तेथूनच. दुसरे उदाहरण डॉक्टर भीमराव आंबेडकरांचे. १९२० च्या जानेवारीत निघालेल्या त्यांच्या मूकनायक पत्रास महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात कागल जहागिरीतील माणगाव येथे भरलेल्या परिषदेस उपस्थित राहून या तरुण विद्वानास अस्पृश्य समाजाचा पुढारी म्हणून त्यांनी जाहीरपणे गौरविले. हे तरुण पुढे भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार झाले, आणि करवीर राज्यात १९०२ साली जे तत्त्व एका हुकुमाने आले होते, त्यास १९५० साली अवघ्या देशाच्या राज्यघटनेत स्थान मिळाले.

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे देहावसान झाले. वय अवघे ४७ वर्षांचे होते. कुर्मी क्षत्रिय समाजाने १९१९ साली कानपूर येथे त्यांस राजर्षी ही पदवी दिली होती. आज लोक त्यांस त्याच नावाने ओळखतात. त्यांनी हाती घेतलेली सर्वच कामे त्यांच्या हयातीत तडीस गेली असे नाही. भोगावती नदीवरील राधानगरीचे धरण १९०७ साली हाती घेतले गेले, ते पुरे व्हावयास १९५७ साल उजाडले. राज्यकर्ता म्हणून ते हुकमी वृत्तीचे होते, व त्यांच्या काही निर्णयांविषयी मतभेद आजही आहेत. परंतु त्यांच्या वसतिगृहांतून शिकून गेलेल्या मुलांची मुले, नातवंडे, पणतवंडे आज वर्गावर्गांतून बसलेली आहेत. याहून मोठे स्मारक कोणत्या राजास लाभले असेल! महाराष्ट्रात २६ जून हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो, आणि त्यांच्या नावाने शिष्यवृत्त्याही दिल्या जातात.

विद्यार्थिमित्रहो, चरित्रे वाचावयाची ती केवळ सनावळी पाठ करण्यासाठी नव्हेत. शाहू महाराजांच्या चरित्राचे सार आम्हांस असे दिसते की, गरिबास शाळेचे दार दाखविले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानू नये. दाराशी येईपर्यंतची वाट, आत आल्यावर बसावयास जागा, पोटास अन्न, आणि बाहेर पडताना हातास काम, या चारही गोष्टींची साखळी जोडली तरच एक मूल पार पडते. त्यातील एक कडी तुटली तरी बाकीच्या तीन व्यर्थ जातात. राजाजवळ राज्य होते, आपणांजवळ ते नाही, हे खरे. पण आपल्या वर्गातील एखादा सोबती दुपारच्या सुट्टीत डबा न उघडता बाहेर जातो, एखाद्याचे पुस्तक दुसऱ्याच्या पुस्तकावाचून अडते, एखादी मुलगी सहामाही परीक्षेनंतर शाळेत दिसेनाशी होते. हे पाहावयास राज्य लागत नाही, डोळे लागतात. आणि पालकवर्गास आमची विनंती एवढीच की, आपल्या मुलांच्या मित्रांत असा कोणी असेल तर त्यास आपल्या घरच्या पंक्तीस बोलवावे. मोहरीचा दाणा लहानच असतो. पण त्याचेच झाड झाल्यावर पाखरे त्याच्या सावलीस येतात, हे आम्ही आमच्या शाळेत प्रथमपासून शिकत आलो आहो.